सुनेनं मोडलेला हात

दसऱ्याच्या दिवशी, भर अंगणात, चाळीतल्या सगळ्या बायाबापड्यांच्या देखत मी माझ्या सासूला पाटानं मारलं. होता नव्हता तेवढा जोर लावून मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसाचा धक्का पुरता ओसरला असं मला कधी वाटलंच नाही.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहायचो. एका ओळीत खोल्या, समोर सगळ्यांचं मिळून एक मातीचं अंगण, अंगणात एक उंबराचं झाड आणि एक नळ. सासरे परळला गिरणीत होते. परळची खोली पुरेना म्हणून कुटुंब इकडे हललेलं. माझे यजमान साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर कामाला होते. सकाळी सायकलवरून जायचे, संध्याकाळी यायचे आणि हात धुऊन झाले की रेडिओचे जुने सांगाडे घेऊन बसायचे. या नादापायी त्यांना जेवणाचीही शुद्ध राहायची नाही.

सासूबाई अस्सल मालवणी. बुटक्या, काटक, तोंडाच्या फटकळ. मी कांजूरच्या शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. सासूबाईंना माझ्या शिक्षणाचं कौतुक होतं की राग होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जात्यावर तांदूळ दळायला बसवलं आणि थोड्याच वेळात माझ्या हातातून खुंटा काढून घेतला. शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिकलेली हा, पण हाताक जोर नाय."

मग ते पालुपदच झालं. धुणं पिळलं की हाताक जोर नाय. नारळ फोडताना दुसरा घाव घालावा लागला की हाताक जोर नाय. भाकरी जाड झाली तरी तेच. मी आतल्या आत धुमसायची. यजमानांकडे तक्रार केली तर ते हसून म्हणायचे, "अगं, तिला सवय आहे बोलायची. तू मनावर घेऊ नकोस ना." मनावर घेऊ नकोस म्हणणाऱ्याला ते रोज ऐकावं लागत नसतं.

त्या वर्षी यजमानांनी ॲम्प्लिफायर बनवला. हा शब्द चाळीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला पेटी म्हणत. पेटी होतीही तशीच, पत्र्याची, वरती काचेचे दिवे उभे. दिवे म्हणजे व्हॉल्व्ह, पण आम्ही दिवेच म्हणायचो, कारण चालू केल्यावर ते हळूहळू लाल व्हायचे. त्या पेटीला दोन कर्णे जोडायचे. शिवाय यजमानांनी चहाचं एक मोठं लाकडी खोकं आणून त्याला भोक पाडून एक रुंद स्पीकर बसवला होता. ढोलकीचा आवाज नुसता कानात जाऊन भागत नाही, तो छातीत वाजला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ते खोकं वाजलं तेव्हा आमच्या फळीवरची भांडी थरथरली होती आणि सासूबाईंनी विचारलं होतं, "भूकंप झालो काय रे?"

जोडणीत मी त्यांना मदत करायची. घरात तेवढं एकच काम असं होतं की ज्यात माझ्या हाताच्या जोराचा प्रश्न येत नव्हता. स्पीकरच्या दोन तारा कशा सोलायच्या, सुटे धागे पिळून एकजीव कसे करायचे, कारण एखादा केसासारखा धागा बाजूच्या स्क्रूला टेकला तर पेटीची वाट लागली, हे त्यांनी शिकवलं. स्पीकर सगळे आधी जोडायचे, मग पेटी चालू करायची. स्पीकर न जोडता पेटी चालू ठेवली तर ती आतल्या आत जळते. बंद केल्यावरही आत हात घालायचा नाही, कारण पोटात विजेचा साठा काही वेळ राहतो. आणि तपासताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून धक्का बसला तरी तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जात नाही. मला खिसा नव्हता. मी एक हात कमरेवर ठेवून उभी राहायची आणि सासूबाई म्हणायच्या, "बघा, कशी नाचाक उभी ऱ्हवलीहा."

एक गोष्ट मात्र त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितली. ती सांगताना त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले होते, म्हणून मला चांगली आठवते. म्हणाले, "हे बघ, मी कधी चिकटलेला दिसलो ना, तर मला हातानं ओढायचं नाही. तूही चिकटशील. बटण जवळ असेल तर बंद कर. नसेल तर कोरडं लाकूड घ्यायचं आणि मारायचं. हातावर मारायचं. जोरात. विचार करत बसायचं नाही."

मी हसले होते. नव्या नवरीला नवरा सांगतो मला मार, याला हसू नको तर काय करू? ते हसले नाहीत. "शपथ घे," म्हणाले. मी हसत हसतच शपथ घेतली.

पेटीत एक खोट होती आणि ती त्यांना ठाऊक होती. मोठा ट्रान्सफॉर्मर परवडेना म्हणून त्यांनी तो न घालता पेटी सरळ घरातल्या विजेवर चालवली होती. ते समजावून सांगायचे की भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक जिवंत असते आणि एक मेलेली. प्लग एका बाजूनं घातला तर पेटीचा पत्रा मेलेल्या तारेला जोडला जातो, मग त्याला कुणीही हात लावा. तोच प्लग उलटा घातला की अख्खा पत्रा जिवंत होतो. आमच्या भिंतीत दोन भोकांचा सॉकेट होता, प्लग कसाही बसायचा. म्हणून यजमानांनी प्लगच्या एका अंगाला लाखेचा लाल ठिपका दिला होता. लाल ठिपका वर, की पेटी मेलेली. लाकडी पेटी करून पत्रा झाकायचा त्यांचा बेत होता, पण तो दिवाळीपर्यंत होणार होता. तोवर त्या एका लाल ठिपक्यावर आम्हा सगळ्यांचा जीव टांगलेला होता, हे आता कळतं. तेव्हा मी रोज ती पेटी फडक्यानं पुसत होते.

चाळीनं ठरवलं, दसऱ्याला अंगणात कार्यक्रम करायचा. सोनं वाटायचं, बायकांच्या फुगड्या, पोरांची गाणी आणि यजमानांच्या पेटीला ग्रामोफोन जोडून गाण्यांच्या तबकड्या. पेटी प्रथमच चारचौघांत वाजणार होती. सासूबाईंचा रुबाब काय विचारता! दिसेल त्याला लेकाचं कौतुक सांगत होत्या, "माझ्या झिलान केल्यान." सासरे भातकापणीसाठी गावी गेले होते, त्यांच्या वाटणीचाही रुबाब त्यांनीच केला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पूजेला बसतात आणि त्यांना विश्रांती असते. सासूबाईंनी पाटावर विळी, कोयता, यजमानांच्या पकडी, सोल्डरचं लोखंड असं सगळं मांडलं आणि मधोमध पेटी. मी आत घावण्यांच्या मागे होते. त्यांनी प्रत्येक वस्तूला हळदकुंकवाची बोटं लावली. सासूबाईंचं काम कधी अर्धवट नसायचं. पेटीला लावली, खोक्याला लावली, दोन्ही कर्ण्यांना लावली, वायर गुंडाळून ठेवली होती तिच्या टोकाला प्लग होता, त्यालाही लावली. एका अंगाला लाखेचा लाल ठिपका होताच. तो कुणीतरी आधीच लावलेला कुंकवाचा टिळा असावा असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी दुसऱ्या अंगालाही तसाच ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. रात्रभरात तो वाळून घट्ट झाला. हे सारं आम्हाला नंतर उमगलं.

दसऱ्याला सकाळीच अंगण शेणानं सारवलं होतं. ऊन फारसं नव्हतं, दुपारपर्यंतही जमीन ओलसर होती. उंबराखाली टेबल ठेवून त्यावर पेटी मांडली. आमच्या खिडकीतून लांब वायर टेबलापर्यंत आणली. एक कर्णा उंबराला बांधला, एक समोरच्या वळचणीला, खोकं टेबलाखाली. तारा मीच सोलून पिळल्या आणि यजमानांनी एकेक स्क्रू आवळून पाहिला. सगळं त्यांच्या नियमानं झालं. मग ते खोलीत गेले, प्लगवर लाल दिसलं, लाल वर करून प्लग सॉकेटात दाबला आणि बाहेर येऊन बटण फिरवलं. त्यांच्या पायात रबरी वहाणा होत्या आणि बटण बॅकेलाइटचं, म्हणजे वीज न वाहणारं होतं. त्यांना काहीच झालं नाही.

दिवे तापायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांना दिसलं की उंबरावरच्या कर्ण्याचं तोंड भलतीकडे झालंय. ते लाकडी शिडी लावून वर चढले. अंगणात सगळी चाळ जमलेली. सासूबाई न्हाऊन, जरीकाठी लुगडं नेसून, ओले पाय घेऊन निरांजनाचं तबक आणि झेंडूची माळ हाती धरून आल्या. माळेवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी पेटीला ओवाळलं, तबक माझ्या हाती दिलं, माळ घातली आणि दोन्ही हातांनी पेटी दोन्ही बाजूंनी धरून डोकं टेकायला वाकल्या.

वाकल्या त्या तशाच राहिल्या.

कर्णे घूं करायला लागले. पेटी तापली, आता गाणं लागणार, म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि माझ्या सासूबाई थरथरू लागल्या. आधी हात, मग खांदे, मग सगळं अंग. अंबाडा सुटला. डोकं मागे गेलं, डोळे पांढरे झाले आणि घशातून एक विचित्र आवाज येऊ लागला.

बायकांनी हात जोडले.

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. मी त्या अंगणात उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या बायांनी हात जोडले. नवरात्र नुकतंच उठलेलं, सवाष्ण बाई पूजा करता करता घुमायला लागली, केस सुटले, म्हणजे अंगात आलं. दुसरं काय असणार? एक म्हातारी "आई उदो, उदो" म्हणाली आणि मागून चारदोन आवाज तिला मिळाले. कुणीतरी कुंकवाचा करंडा आणायला धावलं. शेजारच्या काकू पदर पसरून, पायावर डोकं ठेवायला पुढे सरल्या. देवीच्या पाया पडायला लोक किती घाई करतात!

क्षणभर मलाही तसंच वाटलं. मी मॅट्रिक झालेली, तारा सोललेली, शपथ घेतलेली बाई, आणि मीही क्षणभर हात जोडायच्या बेतात होते. मग मला त्यांची बोटं दिसली. पेटीच्या कडेला अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. देवी आलेली बाई हात उधळते, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. या हातांना सुटायचं होतं आणि सुटता येत नव्हतं.

तबक हातातून पडलं. प्लग होता आत, खोलीत, माणसांच्या गर्दीपलीकडे. पेटीचं बटण सासूबाईंच्या कोपराखाली. यजमान झाडावर. मी काकूंना खांद्यानं ढकललं, त्या पोरांच्या अंगावर पडल्या. पूजेसाठी सासूबाईंनी स्वतःच आणून ठेवलेला सागवानी पाट टेबलाशेजारी उभा होता. तो उचलला, डोक्यावर नेला आणि त्यांच्या दोन्ही मनगटांवर मारला.

हात सुटले नाहीत. मी पुन्हा मारला. तेव्हा काडकन आवाज झाला आणि त्या मागे कोसळल्या.

कर्ण्यांचं घूं तेवढं चालू होतं. मग सगळे एकदम ओरडले. कुणी माझ्या झिंज्या धरल्या, कुणी थोबाडीत मारली. "देवीवर हात टाकलास गं, अवदसे!" ही काकूंची किंकाळी आजही माझ्या कानात आहे. मी नुसती म्हणत राहिले, "पेटीला हात लावू नका, कुणी पेटीला हात लावू नका." माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाट माझ्या हातातून काढून घ्यायला दोन पुरुष लागले. हाताक जोर नाय म्हणे.

यजमान शिडीवरून उतरले की पडले, ठाऊक नाही. ते आईकडे धावले, छातीला कान लावला आणि ओरडले, "आहे! आहे!" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "किती जोरात मारलंस गं?"

इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

यजमानांनी आत जाऊन मेन स्विच पाडला आणि सासूबाईंना खाटेवर घालून स्टेशनाकडच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवं मनगट मोडलं होतं, डाव्या हातावर काळानिळा वळ. तळव्यांवर पेटीच्या कडेची भाजल्याची रेघ. आणि दातांखाली सापडून जीभ अशी फाटली होती की तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी तळवे पाहिले आणि मान हलवली, पण तिथे मी आणि यजमान दोघंच होतो. चाळीनं पाहिलं ते एवढंच, की देवी आली आणि सुनेनं तिला पाटानं झोडपलं.

परतल्यावर यजमान आधी पेटीकडे गेले. "असं होणारच नाही," म्हणत होते. "ठिपका वर होता. मी स्वतः पाहिला." त्यांनी मेन स्विच लावला, बल्बाच्या होल्डरला दोन तारा जोडल्या, एक नळाच्या पायपाला बांधली आणि दुसरी सुक्या काठीच्या टोकाला धरून पेटीच्या पत्र्याला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. अंगणात उभी असलेली माणसं मागे सरकली. मग ते आत गेले, प्लग उलटा घातला, पुन्हा तार टेकवली. बल्ब विझलेलाच राहिला. त्यांनी प्लग काढून हातात घेतला आणि इकडून तिकडून पाहिला. दोन्ही अंगांना लाल. नखानं खरवडलं, एका बाजूचं कुंकू निघालं, दुसऱ्या बाजूची लाख निघाली नाही. ते ओट्यावर मटकन बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. त्यांच्याच हातांनी आईला विजेला जोडलं होतं. मला त्यांचा राग आला होता तो तिथल्या तिथे गेला.

आता सगळ्यांना कळलं असेल, असं मला वाटलं. कसलं काय! बल्ब पेटलेला सगळ्यांनी पाहिला, पण तो बल्ब होता. त्या म्हातारीनं निवाडा दिला, की करंट असेल, पण देवीही असेल, देवी करंटातूनही येते. कुणी म्हणे सुनेला निमित्तच हवं होतं, सासू रोज टोचून बोलायची ना. हे ऐकून मी थिजले, कारण टोचून बोलायची हे खरं होतं, आणि त्या टोचण्याची आणि त्या पाटाची गाठ चाळीनं अशी घातली की ती मला सोडवता येईना. कुणी माझ्या हातचं पाणी घेईना. नळावर मी गेले की बाया हंडे उचलून बाजूला होत. सासऱ्यांना गावी निरोप गेला होता, ते परतले की मला माहेरी धाडणार, हे चाळीत सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

सासूबाई खाटेवर पडून होत्या. हाताला प्लास्टर, जिभेला सूज. पेज मीच भरवायची, चमच्यानं. त्या माझ्याकडे बघायच्या, डोळे मिटायच्या नाहीत, नजर हटवायच्या नाहीत. त्या नजरेत काय होतं ते मला कळेना. यजमान म्हणायचे, "मी सांगतो ना तिला." मी म्हणायचे, "तुम्ही सांगून काय होणार? मारलं मी, पाहिलं सगळ्यांनी. त्यांना काय आठवतंय, ते त्यांनाच बोलू दे." बोलायला जीभ हवी होती. माझा संसार त्या सुजलेल्या जिभेवर येऊन अडकला होता.

घाटकोपरहून कांजूर किती लांब? पण तिथवर पोचेपर्यंत गोष्टीला भरपूर मीठमसाला लागला. एका सकाळी माझे वडील आले. धोतर, काळा कोट, टोपी. शाळेला रजा टाकून आले होते. सासरेही आदल्याच दिवशी गावाहून परतले होते आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दारात विडी ओढत बसले होते. वडिलांमागोमाग अर्धी चाळ आमच्या दारात गोळा झाली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी खाटेसमोर उभं राहून टोपी काढली. मी त्यांना देवळाबाहेर कधी टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "पोरीला आई नाही. माझ्या शिकवण्यात काही कमी राहिलं असेल. तुम्ही सांगाल तर आजच घेऊन जातो. नाहीतर पदरात घ्या."

त्यांनी हात जोडले तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. माझ्यामुळे माझा बाप हात जोडून उभा होता आणि मी काही चूक केली नव्हती. मी ओरडून सांगणार होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. बोबडा, जाडा, पण सासूबाईंचाच.

"खयं व्हरतास तेका?"

कुठे नेताय तिला, असं विचारत होत्या. सगळे दचकले. इतक्या दिवसांत तो त्यांचा पहिला शब्द होता. त्यांनी मला खूण केली, मी त्यांना टेकवून बसवलं. प्लास्टरचा हात उचलून त्यांनी दारातल्या गर्दीला दाखवला.

"तुमच्या चेडवान माझो हात मोडल्यान," त्या वडिलांना म्हणाल्या. "ता खरा. सगळ्यांनी बघल्यानी."

वडिलांची मान खाली गेली. सासूबाई थांबल्या, थुंकी गिळली. जिभेची जखम दुखत असणार.

"माका त्या पेटीन धरल्यान. माका सगळा समजत होता. सोड म्हणान आरडूक बघतंय, तर आवाज नाय. आणि समोर ही सगळी..." प्लास्टर पुन्हा दाराकडे वळलं. "माझो जीव जाता हा, आणि ही माझ्या पाया पडतत! एकटीन मारल्यान. मारल्यान म्हणान मी हय बसलंय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी विडी विझवली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हाताक जोर नाय म्हणत होतंय मी हिच्या," त्या म्हणाल्या. "ता माझा चुकला."

मी त्यांच्या प्लास्टरवर डोकं टेकून रडले. त्या म्हणाल्या, "हळू गो, अजून दुखता."

यजमानांनी ती पेटी पार खोलून टाकली. पुढे मोठा ट्रान्सफॉर्मर घालून, लाकडी आवरण करून, तीन पिनांचा प्लग आणि जमिनीत पुरलेली अर्थची तार असं सगळं केल्यावरच ती पुन्हा वाजली. खंडेनवमीला सासूबाई तिची पूजा करायच्या, पण प्लग आधी मला दाखवायच्या आणि त्याला कुंकू लावायच्या नाहीत.

मनगट वाकडंच जुळलं. उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी त्या वाकड्या हातानं भाकरी थापली. कुणी नवखं माणूस विचारायचं, हाताला काय झालं हो? सासूबाई शांतपणे सांगायच्या, "सुनेन मोडल्यान." मग थांबायच्या. समोरच्याचा चेहरा पांढराफटक होईतो थांबायच्या, मी तिथेच उभी असेन तर जास्तच वेळ थांबायच्या, आणि मग चवीचवीनं पुढची हकिगत सांगायच्या. मी वैतागायची. "आधी पुढचं सांगत जा ना हो!" त्या हसायच्या. ती त्यांची चैन होती.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी बघायला तो हात उचलला. "आजी, हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी डोळे उघडले. "सुनेन मोडल्यान," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं वाट पाहत राहिले, आता पुढचं येईल म्हणून. सासूबाई पुढचं सांगण्याआधी नेहमीसारख्या थांबल्या, ओठांवर ते जुनं हसू आलं, आणि तसेच त्यांचे डोळे मिटले. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मला हलक्या आवाजात विचारलं, "सून म्हणजे... तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले. "मीच मोडला."